शेपटीची होडी

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. जुन्या बाजारात काल चिनी मातीचा असा एक जग सापडलाय की तो बघून मी भर रस्त्यात ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या कुलूपवाल्याला वाटलं माझं पाकीट मारलं. बिचारा धावत आला.

निळ्या छापील चित्राचा आहे, पोट सुटलेला, आणि खरोखरच जुना. चित्र नेहमीचंच, नदी, काठावर झाडं, चरणाऱ्या गाई आणि दूर एक होडी. मी सवयीने आधी मुठीखाली पाहिलं, तू शिकवलंस तसं, चित्र उठवायला मातीभोवती लपेटलेला छापील कागद जिथे संपतो तिथे. आणि काय सांगू, कागद चिकटवणारीचा हात त्या दिवशी भलताच घसरलेला! पुढे होडीचं नाक आणि मागून डौलात निघालाय तो गाईचा मागचा भाग. दोन पाय, शेपूट, सगळं शाबूत. शेपटीची होडी, दादा! तुझ्या कपाटातल्या जगांत असं ध्यान नाही. तुझा दोन डोक्यांचा मेंढपाळ याच्यापुढे अगदीच साधा वाटेल.

जग होता घड्याळजींच्या टेबलावर. बंद पडलेली घड्याळं चालू करून विकतात ते. जगात त्यांनी लंबक उभे करून ठेवले होते. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर म्हणाले की मूठ हलते आहे, अशी वस्तू विकणं मला जमणार नाही, पुढच्या रविवारी पक्की करून देतो. पैसेही घेतले नाहीत. मग बस येईपर्यंत माझ्याबरोबर थांब्यावर उभे राहिले, आणि बस किती उशिरा आली तेही घड्याळ काढून मला सांगितलं. गंमतच वाटली.

तुझ्या सूनबाईंना आशीर्वाद. माझ्यावरचा तुझा लोभ आहे तसा राहू दे, नव्या जगावर सगळा उधळू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सूनबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की कपाटात आता तसूभर जागा नाही, यापुढे घरात एक तर नवा जग येईल नाहीतर मी राहीन. मी विचार करायला वेळ मागितला आहे.

पण खरं सांगतो, पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. छापखान्यात हयात गेली माझी. रंग केसभर सरकला तरी कागद रद्दीत आणि मशीनवरच्या माणसाची खरडपट्टी. निवृत्त झालो तेव्हा तूच तो पहिला जग आणून दिलास, ज्यावरचा पूल नदीच्या मध्यापर्यंत येतो आणि संपतो. मुठीखाली बघून मी हसत सुटलो, आणि आपण असे शेवटचे कधी हसलो होतो ते मला आठवेना. तेव्हापासून बिनचूक जग कोणी फुकट दिला तरी मला नको. कोण कुठली बाई, ओला कागद मातीला लपेटताना शेजारणीशी बोलायच्या नादात तिचा हात सरकला, आणि वर झिलई चढून ती चूक कायमची भट्टीत भाजली गेली. जग हातात घेतला की ती बाई मला भेटते.

आता त्या घड्याळजींविषयी. त्यांचं माझं काही जमेलसं दिसत नाही. जन्मभर काटे जागेवर आणणारा माणूस, त्याला वाकडं कसं खपणार? आणि तू कोण, तर साखरेच्या डब्यात मीठ भरून वर साखर म्हणून चिठ्ठी लावणारी! तुझ्या पत्रात जगापेक्षा त्यांचंच वर्णन जास्त आहे, म्हणून आपलं सांगून ठेवलं. मूठ बसली की जग लगेच पाठव.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागायला लावू नकोस.

तुझा,
दादा


ता. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात कपडे उसवून मोठे करून देण्याची कामं अंगावर पडली आहेत. माणसं हल्ली फार लवकर जाड होतात, माझी चांदी आहे.

जगाची मूठ छान बसली. बाकीही छान आहे. साजेसं खोकं मिळत नाही म्हणून पाठवायचं राहिलंय, इतकंच. मिळालं की पाठवते. त्यावरून उगाच तर्क लढवत बसू नकोस.

आता दुसरं. हे लिहायला मी तीन कागद फाडले. घड्याळजींनी मला लग्नाचं विचारलंय. थांब्यावरच विचारलं, तेही इतक्या हळू आवाजात की मला वाटलं बसचा नंबर विचारताहेत. आमचे हे जाऊन इतकी वर्षं झाली, दादा, मला एकटं राहायची सवय झाली होती आणि तक्रारही नव्हती. पण रविवार आला की मी सकाळपासून आरशापुढे आहे हे माझं मलाच कळलं, तेव्हा या वयात मी लाजले. मला हो म्हणायचंय. तुझा होकार आल्याशिवाय मात्र म्हणणार नाही. माझं माहेर म्हणजे तूच आहेस, आणि तू तोंड फिरवलंस तर माझ्या आनंदाला काही चव राहणार नाही.

वाट बघते आहे. माया कमी करू नकोस, उत्तर काहीही असलं तरी.

तुझी,
धाकटी


ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जन्मात कधी खोकं शोधलं नाहीस. तुझ्या दुकानातल्या चिंध्यांत गुंडाळून तू मला काचेचा दिवासुद्धा पाठवला आहेस. तेव्हा यात पाणी मुरतंय. जग फुटला असेल तर सांगून टाक, मी दोन दिवस रुसेन आणि विसरेन. पण मला वाटतं तो फुटलेला नाही. त्या सद्गृहस्थांनी त्याचं काहीतरी केलंय, आणि तू त्यांना पाठीशी घालते आहेस.

लग्न करू नकोस असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तू आरशापुढे उभी राहिलीस हे वाचून मला भरून आलं. पण मला त्या माणसाची धास्ती वाटते. तू हसत हसत चुकतेस आणि चुकून पुन्हा हसतेस. घराचा दरवाजा उघडा टाकून दुकानाला कुलूप लावून येतेस, आणि तीच गोष्ट सांगून चार माणसांना हसवतेस. तुला रोज कोणी सरळ करायला लागलं, तर वर्षभरात तू गप्प होशील. गप्प बसलेली धाकटी मला बघवणार नाही. मी स्वतः तसला माणूस होतो, माझ्या हाताखालची पोरं माझ्यासमोर श्वास रोखून उभी असायची, म्हणून मला कळतं.

जग आहे त्या स्थितीत पाठव. आणि त्यांना म्हणावं, मला स्वतः पत्र लिहा. ते आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

जेवत जा वेळेवर. माया कमी व्हायचा प्रश्नच नाही.

तुझा,
दादा


ता. २४ मार्च

सन्माननीय महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या भगिनींकडून आपला निरोप मिळाला. मला पत्रलेखनाचा सराव नाही, चूकभूल पदरात घ्यावी. सोबत जग पाठवीत आहे. त्याच्या बाबतीत जे घडले ते सर्वस्वी माझ्याकडून घडले.

मूठ बसवताना माझ्या असे लक्षात आले की तिच्याखाली चित्र बिघडलेले आहे. हा जग दादासाठी आहे, तो यावर जीव टाकेल, असे आपल्या भगिनी म्हणाल्या होत्या. तो बिघडलेला आहे म्हणूनच जीव टाकाल, हे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि मला ते सुचणे शक्यच नव्हते. ज्या माणसाविषयी त्या इतक्या प्रेमाने बोलतात त्याच्याकडे सदोष वस्तू कशी जाऊ द्यावी, असे माझ्या मनात आले. तबकड्यांवरचे आकडे रंगवायचा रंग आणि बारीक कुंचला घेऊन मी भिंगाखाली गाय झाकली, होडी पुरी केली, आणि ती रिकामी दिसू लागली म्हणून तीत एक नावाडी बसवला. या सगळ्यात कबूल केलेल्या रविवारावर आणखी तीन रविवार गेले, आणि चौथ्या रविवारी जग त्यांच्यापुढे ठेवून कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

त्यांनी मुठीखाली पाहिले आणि गाय कुठे गेली असे विचारले. मी म्हणालो की काळजी नसावी, तिचा पूर्ण बंदोबस्त केला आहे. त्यावर त्या मटकन खाली बसल्या. मला वाटले रडत आहेत. त्या हसत होत्या. कुलूपवाला पाणी घेऊन आला तरी थांबेनात. मग त्यांनी मला आपल्या संग्रहाविषयी सांगितले, आणि शरमेने मला मान वर करवेना. पण त्यांचे हसू थांबेना, तेव्हा काही वेळाने माझेही फुटले. महोदय, मी स्वतःच्या कामावर कधी हसलो नव्हतो. एखादे घड्याळ मागे पडले तर मला जेवण जात नसे. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आणि घरी जाऊन दुप्पट जेवलो. त्यांना लग्नाचे विचारले तेही त्याच संध्याकाळी. त्यांची बस आली, ती त्यांनी सोडली.

आपण रागवाल या भीतीने त्यांनी ही गोष्ट आपल्यापासून लपवली, त्यांना दोष देऊ नये. माझा रंग झिलईच्या वर आहे. स्पिरिटच्या बोळ्याने निघून येईल, गाय खाली सुखरूप आहे. आपण म्हणाल तेव्हा येऊन स्वतः पुसेन. आपला नकार असला तरी पुसेन.

लोभ मागण्याचा अधिकार अद्याप नाही, तो मिळावा ही विनंती.

आपला नम्र,
घड्याळजी


ता. ३१ मार्च

प्रिय मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

मायना घाईत लिहिलेला नाही. दोनदा वाचा, आणि मग शेजारी जी उभी असेल तिलाही वाचून दाखवा.

जग सुखरूप पोचला. मी खिडकीशी भिंग घेऊन बसलो, आणि कबूल करतो, तुमची रेघ कुठे सुरू होते ते मला सापडलं नाही. छापखान्यात माझ्या हाताखाली तुमच्यासारखा एक माणूस असता तर मी त्याला जागचा हलू दिलं नसतं. स्पिरिटची बाटली मी काढूनही ठेवली होती. तेवढ्यात सूनबाई आल्या, त्यांनी भिंग घेतलं, आणि विचारलं की या नावाड्याच्या मनगटावर काय आहे.

मेहुणे, तुम्ही त्याला घड्याळ घातलंय! नखाएवढ्या नावाड्याच्या हाताला पट्टा, तबकडी, आणि भिंग नीट धरलं तर दोन काटेसुद्धा. हा जग भाजला तेव्हा मनगटावर घड्याळ बांधायची टूम कुठे निघाली होती? चूक झाकायला बसलात आणि हाताच्या सवयीने तिच्यावर दुसरी करून ठेवलीत, पहिलीपेक्षा देखणी! आम्ही दोघं इतके हसलो की सूनबाईंनी जगासाठी स्वतःच्या काचसामानाचा खण रिकामा करून दिला. आता तो रंग पुसाल तर खबरदार.

तुमच्याविषयी मी घाईने मत बनवलं होतं, ते परत घेतो. जो माणूस आपल्या कामावर हसून दुप्पट जेवतो, त्याच्या घरात धाकटी गप्प होणार नाही. तुम्हीच कदाचित बोलके व्हाल. लग्नाची तारीख तुम्ही ठरवा, तिला ठरवू देऊ नका, ती विसरेल.

राहिलेलं एक सांगून टाकतो. मला वाटणारी तिची काळजी खरी होती, पण ती सगळी तिच्यासाठीच नव्हती. बायको गेल्यापासून माझ्या नावाने टपाल येतं ते धाकटीचंच. जग हे आमचं निमित्त. घरातच ऐकणारं माणूस मिळालं की ती दादाला कशाला लिहील, हे मी पोस्टमनची वाट बघताना रोज स्वतःला विचारत होतो. सूनबाई आणि मुलगा जिवापाड करतात, पण पाकिटावर आपलं नाव बघण्याची मजा वेगळीच. मग तुमचं पत्र आलं, चांगलं जाडजूड, आणि ते मी जेवण गार होईपर्यंत वाचत बसलो. तेव्हा माझी अट एवढीच. तुम्ही दोघांनी मिळून एकाच कागदावर लिहिलेलं आणि खाली दोन सह्या ठोकलेलं पत्र मी घेणार नाही, पोस्टमनच्या हाती परत देईन. मला दोन पाकिटं हवीत.

लोभ नवा आहे, जुना होईपर्यंत सांभाळा.

तुमचा मेहुणा,
दादा