काकांची झुकलेली मान

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (शेकत असशील तर पिशवीचं बूच घट्ट लाव. मागच्या खेपेला गुडघा कोरडा राहून गादी शेकली होती.) इकडे सगळे बरे. माझा मेणबत्त्यांचा धंदाही बरा, कारण वीज अजून जाते.

काकांच्या पुतळ्याच्या अनावरणाला तुला येता आलं नाही. तिथे काय झालं ते दादा तुला तिखटमीठ लावून सांगेलच, त्याआधी माझ्याकडून सपक ऐकून घे. बापाचा पुतळा मेणाचा करायचा ही दादाचीच, म्हणजे तुझ्या चिरंजीवांचीच कल्पना. (ब्राँझ महाग, आणि मामेभाऊ मेणवाला.) काकांच्या बर्फाच्या कारखान्यात मेणाला कसली भीती, असं तो म्हणाला आणि मलाही पटलं. चेहरा मी हुबेहूब उतरवला होता. वर चढलेली हनुवटी, घट्ट मिटलेले ओठ, आणि रजेचा अर्ज वाचायच्या आधीच नामंजूर करणाऱ्या भुवया. वाटेत बर्फाचं झालेलं पाणी गिऱ्हाइकाचं, असं जन्मभर ऐकवणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

त्या सकाळी तापलेल्या गाडीतून पुतळा उतरवला आणि सुरक्षित म्हणून थेट बर्फाच्या खोलीत ठेवला. इथे माझी अक्कल चरायला गेली. एकदम गारठ्यात मेण आक्रसलं आणि काकांच्या मानेला तडा गेला. मेणबत्तीला तडा गेला की आम्ही ती जरा उन्हात धरतो, मऊ पडली की बोटाने सांधतो. त्याच हिशेबाने काकांना ऑफिसच्या खिडकीत ठेवलं आणि फुलवाल्याशी हुज्जत घालायला गेलो. (हार शिळा होता.) परत येतो तर तडा बुजलेला, पण मान पुढे झुकलेली, भुवया उतरलेल्या आणि ओठांची घडी मोडलेली. घाबरून पुन्हा बर्फाच्या खोलीत नेले, तर काका तसेच घट्ट झाले.

दादाने पडदा ओढला. कोणी हसलं नाही. बर्फ फोडणारा म्हातारा टोपी काढून पुतळ्यापुढे आला आणि म्हणाला, "साहेब, लेकीकडे जाऊन येऊ का चार दिवस?" पाहुण्यांसमोर दादाला नाही म्हणता येईना. तेव्हापासून रोज सकाळी कोणी ना कोणी काकांपुढे उभं असतं. दादा म्हणतो, हे माझे बाबाच नव्हेत, पुतळा वितळवून पुन्हा ओत. मूळ साचा माझ्याकडे आहे. मेणाचं काय, ते पातळ होईल आणि पुन्हा हवं तसं घट्ट होईल. पण माणूस तुझा, तेव्हा शेवटचा शब्द तुझा.

घरातल्या लहानथोरांना यथायोग्य.

तुझा मेणवाला

ता. क. दादाला घाई आहे. उत्तर लवकर धाड.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो तर वाटेत कारखान्याचा दरवान भेटला. तू काल दुपारी त्या गुडघ्यानिशी येऊन गेलीस म्हणे. त्याला बाहेर बसवून काकांशी कितीतरी वेळ बोलत होतीस. काका असताना त्यांनी तुझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. ऐकून मला फार बरं वाटलं. घरी परतलो आणि साचा हातातून पडला. पार चुरा झाला. दादाने विचारलं, तर पडताना तू समोर होतीस एवढं सांग.