निरंजनची टायपिंग परीक्षा

ती. आईस,
बऱ्हाणपूरहून मृणालचा नमस्कार.

जेवण वेळेवर होतं, खोलीही हवेशीर आहे. तुझा गुडघा कसा आहे?

कॉलेजात व्यावसायिक पदवीच्या मुलांना मी कॉम्प्युटर अगदी सुरुवातीपासून शिकवते. त्यातल्या निरंजनची तीन बोटं पूर्वी पॉवरलूमवर कापड विणताना गेली. ऑफिसात काम मिळेल या आशेने तो आला आणि उरलेल्या बोटांनी छान टाइप करू लागला. परवा परीक्षेत वेग कमी पडला. मी त्याच्यासाठी जास्त वेळ मागितला. प्राचार्य म्हणाले, "वेळ सगळ्यांना सारखाच." तो नापास झाला.

निरंजनने एवढंच विचारलं, "मॅडम, अब क्या सीखूँ?"

आजपासून तो परत त्याच लूमवर उभा राहतोय. कशासाठी शिकवते, तेच मला कळेनासं झालंय.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

तुझी,
मृणाल