अक्काबाईची फाईल

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! निफाडहून सकाळच्या एसटीने आले. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर संस्था आहे. तिन्ही खोल्यांत रॅक, आणि एका खोलीत भिंतींना गाद्या लावून केलेला स्टुडिओ. शेखर सर निवृत्त प्राध्यापक. गेली पाच वर्षं सुरगाण्याच्या डोंगरात फिरून त्यांनी म्हाताऱ्या माणसांची गाणी गोळा केलीत. एकशे बारा माणसं. त्याच त्या कॅसेटींवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग केल्यामुळे आता सगळं फक्त कॉम्प्युटरवर आहे.

गेल्या आठवड्यात कोणीतरी विंडोज ९८ काढून एक्सपी टाकलं. तेव्हापासून रेकॉर्डिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही. ते चालू करून देणं हे माझं काम. सर म्हणाले, दोन दिवसांचं काम आहे. मी मान डोलावली. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे, चहा चांगला मिळतो. अजून काय पाहिजे?

६ फेब्रुवारी
साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम एक्सपीवर बसत नाही. काढा, टाका, रीस्टार्ट करा. आज एकवीस वेळा केलं. एकदा आवाज आला, पण पाण्याखालून आल्यासारखा. कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत मी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसते. घरी आईने विचारलं, दिवसभर काय केलंस? सांगितलं, वाट बघितली.

११ फेब्रुवारी
नवं कार्ड बसवलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सरांनी कुठूनशी सीडीवर आणून दिली. सीडीवर नाव-गाव काही नाही. पण चालते! जुन्या फाईली मात्र ती तशाच उघडत नाही, आधी नव्या प्रकारात बदलून घेते. बदलण्याआधी मी सगळ्या फाईली नव्या डिस्कवर उतरवल्या आणि जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली, शहाणपणा म्हणून.

पहिली फाईल अक्काबाईची. सुरगाण्याच्या वरच्या पाड्यावरची बाई, सत्तरीची असेल. पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात तिचंच गाणं. एक्केचाळीस मिनिटं. बदलल्यावर इतका स्वच्छ आवाज आला की सर उठून उभे राहिले. तिने श्वास घेतलेलाही ऐकू येतो. सरांचे डोळे भरून आले.

१५ फेब्रुवारी
सदतीस फाईली झाल्या. मान दुखते. रोज तेच, बदल, ऐक, नाव लिही. गाणी सुंदर आहेत, पण मला आता झोपेतही फाईल बदलताना स्क्रीनवर दिसणारी ती पट्टी हळूहळू भरताना दिसते.

१७ फेब्रुवारी
सुरगाण्याहून फोन. अक्काबाईचा मुलगा बारकू बोलत होता. तो जीप चालवतो. म्हणाला, “आईचा आवाज गेलाय बाई. मंगळवारपासून. खोकला नाय, ताप नाय, काहीच नाय. परवा लगीन हाय अन् तिच्या तोंडून सूरच निघंना.”

मंगळवार म्हणजे अकरा तारीख. त्याच दिवशी तिची फाईल बदलली होती. योगायोग असेल.

१८ फेब्रुवारी
योगायोग नाही. यादी घेऊन ज्यांचे फोन नंबर आहेत तिथे फोन केले. पाच ठिकाणी लागले. सावळीराम मुका झालाय, तेरा तारखेपासून. साळूबाईसुद्धा. ज्या दिवशी ज्याची फाईल बदलली, त्या दिवशी. ज्यांच्या फाईली अजून बदलल्या नाहीत ते दोघं मजेत बोलले. सरांना सगळं सांगितलं.

कपाटातली जुनी डिस्क जोडली. त्यात अक्काबाईची मूळ फाईल आहे. एक्केचाळीस मिनिटं कोंबडा आरवतो, भांडी वाजतात, कोणी खोकतं. गाणं नाही.

बदललेली फाईल आता त्रेचाळीस मिनिटांची आहे.

२० फेब्रुवारी
बारकू आईला घेऊन आला. सिव्हिलला दाखवलं, घसा चांगला आहे म्हणाले. सरांना वाटलं, स्वतःचं गाणं ऐकून तिला बरं वाटेल. मी नको म्हणत होते.

अक्काबाई स्पीकरपुढे मांडी घालून बसली. गाणं सुरू झालं. तिचे ओठ बरोबर हलायला लागले. गाणं संपलं, आणि मग ती वाढलेली दोन मिनिटं आली. आधी नुसता श्वास. मग तिचाच आवाज, घाबरलेला: “कोन बसलंय तिथं?”

म्हातारीने स्पीकरवर हात ठेवला. बारकू रडत होता. आवाज पुन्हा म्हणाला, “अंधार हाय. मला घेऊन चला.”

२१ फेब्रुवारी
सरांना काय करावं कळत नाही. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसतात. मला वाटतं फाईल पुसली तर आवाज ज्याचा त्याच्याकडे परत जाईल. पण नाही गेला तर? आवाज आता तेवढ्या एका फाईलीतच उरलाय. सदतीस माणसांपैकी कोणावर प्रयोग करायचा?

मी सरांना सांगितलं, माझ्यावर करू. ते नाही म्हणाले. मी दमलेय, सर, म्हटलं. आणि बदलायचं बटण मीच दाबलं होतं ना, सदतीस वेळा.

२२ फेब्रुवारी
सकाळी अकराला माझा आवाज रेकॉर्ड केला. चार मिनिटं. फाईल बदलली. पट्टी भरली. सर म्हणाले, तृप्ती, बोल. तोंड उघडलं —

काही नाही.

मग फाईल पुसली. थांबलो. एक तास, दोन तास. आला नाही. सर डोकं धरून बसले. मी कागदावर लिहून दिलं: बाकीच्या पुसू नका. काही झालं तरी पुसू नका. त्यांनी मान हलवली. मी एसटीने घरी आले. कंडक्टरला बोटाने एक तिकीट दाखवलं.

२३ फेब्रुवारी
आईला घसा बसलाय असं लिहून दाखवलं. तिने हळदीचं दूध दिलं.

पुसलेलं जातं कुठे?

२४ फेब्रुवारी, दुपार
आई हसत आत आली. सरांचा फोन होता. आनंदात होते. म्हणाले, तृप्तीचा आवाज परत आला, बरं झालं, सकाळी फोनवर खणखणीत बोलली, सगळ्या फाईली पुसा म्हणाली, आता बसतोच पुसायला —

मी फोन केला नाही.

आई, मी नाही केला. हे वाच. सरांना फोन लाव. थांबा म्हणून सांग.

एंगेज आहे? परत लाव —

परत —

अजून एंगेज. सर कोणाशी बोलतायत? सदतीस माणसं आहेत आई, अक्काबाई आहे, लाव —

लागला. आईने ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

पलीकडून हॅलो म्हणाले ते सर नव्हते. तो माझाच आवाज —