बाबांच्या खोलीतलं इंटरनेट

आई,

तू दूध आणायला गेलीस आणि इकडे गाडी आली, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय. बाबा झोपलेत. हाक मारायचा धीर झाला नाही.

पॅसेजमधला जुना कॉम्प्युटर बंद करू नकोस. राउटरची वायर त्यात येते आणि दुसरी त्यातून बाबांच्या मागच्या खोलीत जाते. त्यातल्या लिनक्समध्ये मी या दोन्ही वायरींचे पोर्ट एका ब्रिजमध्ये, म्हणजे आतल्या पुलाने, जोडलेत, त्यामुळे आता त्यांच्याकडेही इंटरनेट येतं. लाईट जाऊन आली तरी ते आपोआप सुरू होईल.

कालची गोष्ट तुला सांगायची राहिली. आयपी पत्ता, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा नंबर, ब्रिजला द्यायचा असतो, मी घाईत तो जुन्या पोर्टवरच ठेवला आणि त्या कॉम्प्युटरचं इंटरनेटच बंद पडलं. डोक्याला हात लावून बसले होते, तर बाबा दारात! मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्यानंतर तीन वर्षांनी पहिल्यांदा बोलले, "टेलिफोन लाइनमनची पोरगी ना तू? आधी वायर तपासावी."

मग खाली बसून त्यांनी दोन्ही टोकांचे जॅक नव्याने बसवले. वायरीत काहीच बिघाड नव्हता गं. मी सांगितलं नाही. तासभर टॉर्च धरून त्यांच्या शेजारी बसले. ते उठून गेल्यावर आयपी पत्ता ब्रिजवर हलवला.

रविवारी सकाळी दहाला त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करीन. तू धावत जाऊन उचलू नकोस. त्यांनी नाही उचलला, तर पुढच्या रविवारी पुन्हा करीन.

तुझी चिमी