पाचवं फडकं

चाचा, आज तुमच्या दवाखान्याच्या स्लॅबवर होते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तिथल्या एसींची देखभाल त्याच्याही आधी तुमच्याकडून माझ्याकडे आलीय, तरी माझ्या तोंडातून ‘तुमचा दवाखाना’ हेच निघतं. ऑपरेशनच्या खोलीवरचं पॅकेज युनिट दर अर्ध्या तासाला बंद पडत होतं. सकाळी फोन आला, वेल्ह्यातनं गाडी काढली, नसरापूर, कापूरहोळ करत भोर रस्त्याला लागेपर्यंत उन्हं चांगलीच तापली होती. आता नवीन पॅनेल बसवलंय. त्याला तुमच्यासारखे काढून घ्यायचे फ्यूज नाहीत, खटका आहे आणि खटक्याला कुलूप लावायची सोय आहे. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, वरून एकदा चाचपली. कॉम्प्रेसरला हात लावला तर चटका बसला. मागची जाळी बघते तर काय, भाताच्या गिरणीचं तूस उडून उडून पार लिंपल्यासारखी झालेली. हवाच आत जाईना, मग तो बिचारा तापणार नाही तर काय करणार! खालून मॅनेजर ओरडून विचारत होते, गॅस भरायचा का म्हणून. मी म्हटलं, गॅस सगळ्यात शेवटी. हे वाक्य कुणाचं, ते तुम्हाला सांगायला नको.

जाळी धुतली, आतली बाजू पण उघडून साफ केली, पाण्याच्या ट्रेमधला गाळ काढला. उतरायच्या आधी फडकी मोजली. मी अजून मोठ्यानं मोजते. तेवढ्यात मॅनेजर शिडीच्या टोकाशी आले. गेल्या वर्षी इथं लागलेत, तुम्हाला त्यांनी कधी बघितलेलं नाही. हसत हसत म्हणाले, “मॅडम, सगळं घेतलंत ना? नाहीतर चाचाचं फडकं व्हायचं.” दवाखान्यात तसं म्हणायची पद्धतच पडलीय. कुणी नळ चालू ठेवला, कुणी केसपेपर हरवला, की म्हणतात चाचाचं फडकं झालं. नर्सबायांना विचारलं तर कोण चाचा तेही सांगता येणार नाही. आणि मी काय केलं, माहितीये? मी पण हसले. त्या हसण्यापायी हे लिहायला बसलेय.

आयटीआयमध्ये आमच्या फ्रीज-एसीच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. पास झाले, तरी भोरमध्ये हाताखाली घ्यायला कुणी तयार होईना. सगळ्यांचं म्हणणं एकच, दुकानात बसून फोन घे, स्लॅबवर कशाला जातीस. तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही एका जुन्या पंख्याचं बेअरिंग रॉकेलमध्ये धूत बसला होतात, मान वर न करता विचारलंत, “शिडी चडतीस का?” मी ठसक्यात म्हटलं, “आमी पासलीची माणसं. पेंढ्याच्या गंजीवर चढतच मोठी झालेय.” तुम्ही म्हणालात, “गंजीवरनं पडलं तर खाली पेंढा असतोय. स्लॅबवरनं पडलं तर खाली डॉक्टरची गाडी असती. लई म्हागाची हाय.” चाची आतून हसल्या आणि माझी नोकरी पक्की झाली.

तुमची शिकवायची रीत म्हणजे न शिकवायची. युनिट बंद पडलं की तुम्ही आधी नुसते उभे राहायचात. मी मीटर घेऊन तयार, आणि तुम्ही आपले जाड नळीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे. “ही गार पायजे. घामेजली पायजे. आज कोरडी हाय, म्हंजी काय?” मी काहीतरी ठोकून द्यायची. “अगं, आधी जाळी बघ, मग पट्टा बघ, मग वायर बघ. गॅस सगळ्यात शेवटी. घरात पोर रडायला लागलं तर आधी दूध पाजशील का डायरेक डॉक्टरकडं नेशील?” दोन गोष्टींत मात्र तुमची गंमत चालायची नाही. वर चढायच्या आधी फ्यूज काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात. “आपला जीव आपल्या खिशात,” म्हणायचात. आणि फडकी. चाचींच्या जुन्या ओढण्या आणि तुमच्या विटलेल्या लुंग्या फाडून केलेली चार फडकी. चढताना चार मोजायची, उतरताना चार मोजायची. कारण जाळी धुताना गाळ पाण्याच्या नळीत उतरून ती तुंबू नये म्हणून ट्रेच्या भोकात एक फडकं कोंबावं लागतं, आणि ते आत राहिलं तर पाण्याला वाट राहत नाही. त्या मोजणीवर तुमचा इतका विश्वास, की एकदा मोजून झालं की तुम्ही पुन्हा वाकून बघायचा नाहीत.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी पासलीहून येताना आईचं जुनं लुगडं आणलं होतं. हिरवं, लाल काठाचं, नेसून नेसून लोण्यासारखं मऊ झालेलं. आई म्हणाली, मशीन पुसायला ने, असलं सुती आता मिळत नाही. मी त्याचं एक फडकं फाडलं आणि माझ्या पिशवीत वेगळं ठेवलं. तुमच्या तेलकट चारांत मला ते मिसळायचं नव्हतं. आईचं होतं ना. त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीवरचं युनिट मी एकटीनं धुतलं आणि तुम्ही पलीकडच्या युनिटचा पट्टा बदलत होतात. भोकात कोंबायला हाताशी आलं ते आईचं फडकं. काम झालं, झाकणं लावली. तुम्ही मोजलंत, एक, दोन, तीन, चार. “सगळी?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, “सगळी.” मोजणी बरोबर होती, चाचा. चार नेली होती, चार आली होती. पाचवं मोजणीत नव्हतंच.

दोन दिवसांनी फोन आला. ट्रे भरून पाणी हवेच्या पत्र्याच्या बोगद्यात उतरलं आणि ऑपरेशनच्या टेबलावरच्या जाळीतून खाली गळायला लागलं. तेव्हा टेबलावर बाळंतपणाची बाई होती, आपल्या वेल्ह्याकडचीच. पोट अजून उघडलं नव्हतं एवढंच नशीब. तशीच उचलून अँब्युलन्समध्ये घातली आणि पुण्याला पाठवली. बाई वाचली, पोरगं वाचलं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. तोवरचा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पण त्या आधीचं सांगते. आपण दोघं वर गेलो. तुम्ही झाकण उघडलंत, काठोकाठ भरलेल्या ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घातलात आणि ते बाहेर ओढलंत. हिरवं, लाल काठाचं. पाणी गडगड करत खाली गेलं. तुम्ही फडक्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. डॉक्टर शिडीवरून येतच होते. तुम्ही फडकं पिळलंत, घडी केलीत आणि शर्टाच्या खिशात फ्यूजजवळ ठेवलंत.

“माझं फडकं ऱ्हायलं, डॉक्टर,” तुम्ही म्हणालात. “मोती झालाय डोळ्यात. नजर दगा देती आता.”

मी तिथं उभी होते. दोन पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. डॉक्टर तुम्हाला वाट्टेल तसं बोलले, तुमच्या वयाचा मान ठेवला नाही, आणि शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले, “उद्यापासून हे सगळं तू बघायचं. यांना वर चढू देऊ नको.” मी मान हलवली. होय, हलवली! परत जाताना वाटेत तुम्ही गाडी थांबवलीत, चहा सांगितलात. मी रडायला लागले तर म्हणालात, “गप. माझं काय, म्हन्तील म्हातारा झाला. दोन दिवस बोलतील, इसरतील. तुझं कळलं तर म्हन्तील, बाईमानूस वर चडवलं म्हनून झालं. मग ह्या तालुक्यात परत कुनी पोरगी शिडीला हात लावायची न्हाई.” मी म्हटलं, “पर चाचा, तुमचं काम...” तुम्ही म्हणालात, “चा गार होतोय.” दुसऱ्या दिवशी ते फडकं धुऊन, वाळवून माझ्या हातात दिलंत. “आईचं हाय. जपून ठीव. पर मोजनीत घे. आजपासनं पाच.”

दोन दिवसांत विसरतील म्हणालात. चौदा वर्षं झाली, विसरले नाहीत. तिथं तुमचा अंदाज चुकला. आणि मला तुमचा रागही येतो, सांगून टाकते. तुम्ही मला वाचवलंत, पण विचारलं नाहीत. हा राग मी बरीच वर्षं वापरला. बोलायची वेळ आली की मनात म्हणायची, चाचांनीच ठरवलं होतं, आपण कोण मोडणार. मी पक्की झाले, माझं दुकान झालं, वेल्ह्यातल्या दोन मुली माझ्याकडे शिकून पुण्यात कामाला लागल्या, तरी माझी वेळ काही येईना. तुम्ही असताना दोन वर्षं होती हातात, तीही तशीच गेली. तुमच्या मयताला डॉक्टर आले होते, तेव्हासुद्धा मी भिंतीला टेकून उभी राहिले.

पण एक तुम्हालाही माहीत नसेल. तीन आठवड्यांपूर्वी चाचींनी फ्रीज बघायला बोलावलं. दाराचं रबर सैल झालं होतं, दुसरं काही नाही. तुमच्या त्याच स्वयंपाकघरात खाली बसून मी रबर बसवत होते आणि चाची कपात साखर घालताना चमचा कपाबाहेर नेत होत्या. साखर ओट्यावर सांडली ती त्यांना दिसलीच नाही. मी विचारलं, डोळ्याचं काय म्हणाले? म्हणाल्या, “मोती पिकलाय म्हन्त्यात. दोन्ही डोळ्यांत. काडायला पायजे. म्या न्हाई म्हनले.”

“का पण?”

“त्यांचा येळेवर काडला असता तर ते फडकं दिसलं असतं का न्हाई? ते म्हनायचे जाऊ, आन म्या म्हनायची ईद होऊ द्या, पाऊस सरू द्या, घरात लगीन हाय. माझ्या आळसापायी त्यांच्या हातचं काम गेलं गं. तवापासनं कसे गप झाले हुते, तू बगितलंस की. आता म्या कुटल्या तोंडानं माजं डोळं नीट करून घिऊ?”

चाचा, तुम्ही चाचींनाही सांगितलं नव्हतं. मला कारण कळतं. चाचींच्या कानावर घातलेली गोष्ट म्हणजे अख्ख्या गल्लीला कळलेली गोष्ट, तुम्हीच म्हणायचात. पण त्या बाईनं चौदा वर्षं माझं फडकं स्वतःच्या छातीवर वागवलं आणि आता त्यापायी आंधळी व्हायला बसलीय. तुमचा मोती तेव्हा कुठं नुकता धरत होता. नळीवरची केसाएवढी चीर तुम्हाला माझ्या आधी दिसायची. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. स्क्रूड्रायव्हर हातात धरून मी काय म्हणाले असेन? “चाची, जुनं नका उगाळू.” एवढंच. मग त्यांनी शेवयांची खीर डब्यात घालून दिली. मी घेतली. घरी येऊन खाल्लीसुद्धा.

आता तुम्हाला हे का लिहितेय ते मलाही कळतंय. ज्याला सगळं आधीच माहीत आहे, त्याला सांगायला काय लागतं? तुम्ही उत्तर देणार नाही, हाक मारणार नाही, तोंड फिरवणार नाही. हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकू, आणि चाचींना दिलं तरी त्यांना ते दिसणार नाही. पण हाताला त्यांना सगळं कळतं. तुमची चारही फडकी त्यांच्याच घरातल्या कापडाची होती, त्यातलं एकूण एक त्यांनी स्वतः फाडलेलं. हे हिरवं त्यांच्या हातात ठेवलं तर काठ चाचपून त्याच विचारतील, हे आमच्यातलं न्हाई, कुणाचं हाय? तेवढं विचारलं की मला बोलावंच लागेल. मग त्यांनी मला दारात उभं केलं नाही तरी चालेल, त्यांनी मोती काढून घेतला म्हणजे झालं. दवाखान्यात मॅनेजरला आणि डॉक्टरांना सांगायचं ते त्याच्यानंतर. आधी चाची.

खिरीचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात पासलीचा आंबेमोहोर भरलाय. वर झाकणाखाली आईचं फडकं घडी करून ठेवलंय. सकाळी गाडी काढायची आणि सरळ भोर गाठायचं, असं ठरवलंय. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, चाचा. डबा गेल्या मंगळवारपासून असाच भरून ठेवलेला आहे.