तुमच्या बंधूंचा मणका

तीर्थरूप पार्वतीवन्संना,

देवासहून अलकाचा वाकून नमस्कार. ('वाकून' हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. सध्या वाकायची मनाई आहे. का, ते पुढे येईलच.) भावोजींचा खोकला कसा आहे? जान्हवीच्या लग्नाची खरेदी कुठवर आली? परवा तुम्ही फोनवर रागावलात, की पडलाय माझा भाऊ, तुला धारला येऊन रुखवताचे लाडू वळायला काय धाड भरलीय? रास्तच आहे. पण फोन तुमच्या बंधूंच्या हातात असला की माझी पाळी येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घ्या.

पडले कसे, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. पेंटरला शिडीवर उभं कसं राहायचं ते शिकवायला स्वतः चढले ("देखो भिया, बॅलन्स ऐसा" इतकं सांगून झालं होतं) आणि धाडकन ओट्यावर बसते झाले. कमरेच्या पहिल्या मणक्याची पुढची कड दबली. डॉक्टर भला माणूस, चित्र काढून समजावलं: ए म्हणजे मणका दबला, बी म्हणजे मागचे बंध तुटले, सी म्हणजे मणका जागचा सरकला. ए मध्ये पुन्हा शून्यापासून चारापर्यंत पायऱ्या. ह्यांचा ए-वन. शिवाय दुसरा तक्ता मार्कांचा. चाराच्या खाली ऑपरेशन नको, चाराच्या वर करायचं. ह्यांना मिळाला एक. पट्टा बांधा आणि चाला, म्हणाले.

हे काही चालले नाहीत. पडून राहून अभ्यास केला. कारखान्यात जन्मभर मालाला ग्रेड लावले, आता माणसांना लावायला घेतले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मनावर गावचे एक गृहस्थ होते, त्यांचा ए-झिरो. त्यांच्याकडे हे अशा दयेनं बघायचे की त्या बिचाऱ्यानं खाट बदलून घेतली. घरी आल्यावर खातेगांवचे तुकारामजी भेटायला आले. त्यांनी चुकून आपल्या कंबरदुखीचा विषय काढला. "आपका तो टेबल में आताही नहीं," असं ह्यांनी सुनावलं, आणि तुकारामजी चहा न घेताच गेले. (पोहेही राहिले. मी दोन दिवस तेच खाल्ले.)

येईल त्याला एक्स-रे दाखवायचा, खिडकीशी धरून, मणक्यांवर पेन्सिल फिरवत. पाकीट दुमडू नये म्हणून कपाटावर ठेवायचं. म्हणजे पाहुणा आला की "अलका, पाकीट," आणि गेला की "अलका, वर ठेव." स्टुलावर चढायचं काम अर्थात माझं, कारण ह्यांचा मणका.

तर वन्सं, लाडवांना माझं येणं होत नाही. राग मानू नये, जान्हवीला आशीर्वाद.

तुमची,
अलका

ता. क. परवा पाकीट काढताना स्टुलावरून मीच खाली आले. हे पत्र दवाखान्यातून, उताणी पडून लिहितेय. उर्वशी फोटो काढून तुम्हाला पाठवील. (वरच्या मजल्यावरची. गुणी पोरगी आहे.) माझा ए-थ्री निघाला. मार्क असे: मणका फुटला त्याचे दोन, मागच्या बंधांची शंका त्याचे दोन, पायांना कळतंय म्हणून शून्य. एकूण चार. तुमच्या बंधूंनी आधी डॉक्टरांना मार्क पुन्हा तपासायला लावले. तरी चारच आले, मग तोंड फुगवून बसले.

आणखी एक. चाराच्या खाली नको, वर असलं तर करायचं. आणि नेमके चारच आले तर? एवढा तक्ता आखणाऱ्या शहाण्यांनी तिथे काय म्हणावं? दोन्ही चालेल! डॉक्टर म्हणतात, घरात विचार करून सोमवारी सांगा. मला फार भीती वाटते हो, वन्सं. ह्यांनाही वाटते. जो माणूस न्हाणीपर्यंत चालत नव्हता, तो आता जिना चढून डबा आणतो (खिचडी कच्ची असते, मी खाते), माझ्या अंगठ्याला चिमटा काढून "कळतंय ना?" विचारतो, आणि बाहेर जाऊन रडतो. दार नीट लागत नाही, मला ऐकू येतं. आम्हा दोघांच्यानं काही ठरत नाही. लाडू राहू द्या, सोमवारच्या आत तुम्ही या. भाऊ दारातच भेटेल, पाकीट घेऊन. त्याला जरा थांबवा, आणि आत येऊन आधी मला विचारा, कशी आहेस.