फळ्यावरची ग्यांग

बोरगाव मेघे, वर्धा
१८ मे १९८६

प्रिय धुरपता,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वडनेरच्या शाळेत तू आठवीला इंग्रजी शिकवतेस हे वाचून मी ते पत्र शेजारच्या मंदाबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजीचं काही अप्रूप नाही, पण माझा चेहरा पाहून त्यांनी चहा टाकला. मी आता निवृत्त झाले, हे तुला कळलंच असेल. गुडघे कुरकुरतात आणि दुपारी कूलरसमोर बसून जुन्या वह्या चाळते. बाकी ठीक. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळींचं उत्तर द्यायला पाच दिवस लागले. का लागले, तेच आज लिहायला बसले आहे.

तुला १९७५ सालचा आठवीचा वर्ग आठवतो का, हे मी विचारत नाही. आठवतच असणार. समूहवाचक नामांचा धडा होता. मराठीत आपण केवढे काटेकोर असतो, हे मी रंगात येऊन सांगत होते. गुरांचा कळप, पाखरांचा थवा, माणसांचा घोळका, बंजाऱ्यांचा तांडा. थव्याच्या जागी कळप म्हटलं तर शेंबडं पोरही हसेल. मग इंग्रजीतले शब्द घेतले आणि 'गँग'वर आले. वाक्य करा म्हटलं. मागच्या बाकावरून तू उठलीस, वेणीची रिबीन सारखी केलीस आणि न अडखळता म्हणालीस, "माय फादर इज इन अ गँग."

वाक्य अचूक होतं. मी मात्र हसले. "म्हणजे तुझे बाबा चोर आहेत की दरोडेखोर?" असं विचारलं. सगळा वर्ग हसला. मी तेवढ्यावर थांबले नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'अ गँग ऑफ थीव्ज' लिहिलं आणि सगळ्यांकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं. तू उभीच होतीस. वाचणाऱ्यांत तुझेही ओठ हलताना मला दिसले. त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला तुझा हात वर झाला नाही. परीक्षेत पहिली यायचीस, पण तोंडातून शब्द नाही. मुलगी लाजाळू आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली.

पुढच्या मे महिन्यात मी हिंगणघाटला बहिणीकडे निघाले होते. दुपारची पॅसेंजर. वर्धा सोडून दहाएक मिनिटं झाली असतील, तोच गाडी जोरात ब्रेक लावून थांबली. लोक खाली उतरले, तशी मीही उतरले. इंजिनासमोर एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा होता. धापा टाकत होता. पायांत वहाण नव्हती. उन्हानं रूळ फुगून वाकडे झाले होते आणि तो ते पाहून गाडीच्या दिशेनं मैलभर धावत आला होता. वहाण वाटेत कुठे निघाली, हे त्यालाही सांगता येईना.

मग ड्रायव्हरनं गाडी हळूहळू त्या वाकड्या रुळांजवळ नेली आणि ती तासभर तिथेच उभी राहिली. बाभळीच्या विरळ सावलीतून मी त्या लोकांचं काम पाहत होते. बाराजण होते. त्यांचे मेट, म्हणजे मुकादम, पुंडलिकराव एक हाळी देत, आणि बारा सब्बली, त्या लांब लोखंडी पहारी, एकाच क्षणी रुळाखाली जात. एकाची मागे नाही, एकाची पुढे नाही. तापलेल्या गिट्टीवर उभं राहून ते लोखंड बोट बोट सरकवत होते, आणि गाडीतले लोक उशीर झाला म्हणून त्यांच्यावरच ओरडत होते. त्यांच्यापैकी कोणी मान वर करून पाहिलंही नाही. इतक्या माणसांना असं एका जिवानं काम करताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

काम झाल्यावर तो झेंडीवाला मडक्यातलं पाणी घेऊन माझ्याकडे आला. "नमस्कार बाई. वळखलं काय? मी नत्थू, धुरपतीचा बाप. तिचं नाव टाकाले शाळेत आलतो." मी पाणी प्याले. मग तो म्हणाला, "पोरीनं सांगतलं मले. बाईनं आमच्या ग्यांगचं नाव फळ्यावर लिवलं अन् साऱ्या वर्गाले मोठ्यानं वाचाले लावलं म्हने. वीस वर्सं झाले लाईनीवर काम करून राह्यलो, आमचं नाव कोन घेते बाई?" आणि मागे वळून त्यानं हाक मारली, "अरे, ह्याच त्या बाई!" बाराही जणांनी हातातलं खाली ठेवून मला नमस्कार केला.

धुरपता, मी तो नमस्कार घेतला. "खरं नाही ते" असं म्हणायला तोंड उघडलं नाही.

घरी येऊन मोठा शब्दकोश काढला. गँग म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मजुरांचा जथा, हा पहिला अर्थ. चोर त्याच्या खाली. तुमच्या घरात तर तो रोजचाच शब्द असणार: बाबा ग्यांगवर गेले, ग्यांगचा चहा झाला, लग्नाला सारी ग्यांग येईल. तू तुझ्या घरातला शब्द माझ्या वर्गात आणला होतास. त्यापुढे दर वर्षी मी 'अ गँग ऑफ वर्कमेन' हेच उदाहरण आधी दिलं. पण तुला बोलावून दोन शब्द सांगणं झालं नाही. जूनमध्ये सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करता करता तू मॅट्रिक होऊन गेलीस.

आणि आता तू लिहितेस, की येत्या एकतीस तारखेला नत्थूजी सेवेतून मोकळे होणार. ग्यांगची माणसं क्वार्टरसमोर मांडव घालून त्यांचा सत्कार करणार आहेत आणि बाबा हट्ट धरून बसलेत, की साहेब लोक बोलतीलच, पण ज्या बाईंनी आपलं नाव फळ्यावर लिहिलं, त्या बाई पाहिजेत. मी येणार आहे. भर वर्गात केलेल्या चुकीची कबुली चार लोकांतच द्यावी, असं मला फार वाटतं. पण तेरा वर्षांची तू त्या दिवशी रडू गिळून घरी गेलीस आणि बापाचा मान राखायला ती गोष्ट रचलीस. त्या गोष्टीवर हक्क तुझा, माझा नाही. मी खरं सांगू की तुझीच गोष्ट पुढे नेऊ, ते तू ठरव. तू 'नको' म्हणालीस, तरी माझी माफी तुझ्यापाशी इथेच मागून ठेवते. दोन ओळी लिही, नाहीतर वर्ध्याला येणाऱ्या कुणाबरोबर निरोप धाड. तोवर मी भाषणाचा कागद कोराच ठेवते.

तुझीच, तुझ्याकडून उशिरा शिकलेली,
सुलोचनाबाई